चौथ्या घराचा फोन

तापीकाठच्या एका गावात माझं नाव निघालं की लोक म्हणतात, "त्या सुकलालनं अंबालालभाईंचं घर फोडलं." मी फोन जोडणारा माणूस. उभी हयात दोन तारा एकत्र पिळण्यात गेली. आणि माझ्यावर आळ घर फोडल्याचा! आधी राग यायचा. राग अजूनही येतो, पण आता त्यात गोंधळ जास्त असतो. या अंकाच्या संपादकांनी "धंद्यातले अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा पहिल्यांदा मी नाही म्हणालो. मग वाटलं, लिहून टाकावं. माझी बाजू कोणी विचारलेलीच नाही.

आमची बोली अहिराणी. अंबालालभाईंच्या घरात गुजर लोकांची गुजरी बोलतात. इथं मी सगळ्यांना कळेल असं मराठी लिहितो आहे.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कोणाला कळायचं नाही.

शहाद्यात लोणखेड्याच्या रस्त्याला माझं दुकान आहे. पूर्वी तिथं माझाच एसटीडी बूथ होता. मोबाईल आले आणि बूथ बसला. मग मी जिनिंगमध्ये, दवाखान्यांत इंटरकॉम बसवू लागलो. मला कोणी शिकवलं नाही. बिघडलेले फोन उघडून शिकलो, आणि काही चांगले फोन उघडून बिघडवले. आता मी जुने फोन इंटरनेटला जोडून देतो.

जुना तारेचा फोन हा साधा, भोळा प्राणी आहे. त्याला दोनच गोष्टी कळतात. रिसीव्हर उचलला की तारेतून करंट वाहतो, म्हणजे आपण बोलायचं. आणि तारेतून जोरात करंट आला की घंटी वाजवायची. हा करंट एक्सचेंजमधून यायचा. पुढं रस्ते रुंद झाले, जमिनीतली तांब्याची केबल ठिकठिकाणी तुटली, आणि ती पुन्हा जोडायला कोणी येईना. खांबावरून इंटरनेटची बारीक काळी वायर आली. त्या वायरीतून ना करंट येतो, ना घंटी. माणसाच्या आवाजाचे तुकडे करून ती पुढं पाठवते आणि पलीकडं ते जुळवले जातात. जुन्या फोनला यातलं काही समजत नाही. म्हणून मधे एक डबी बसवायची. तिला कंपन्यांनी मोठमोठी नावं ठेवली आहेत, आमच्याकडं सगळे डबीच म्हणतात. डबीला एका बाजूनं इंटरनेट, दुसऱ्या बाजूनं फोनची तार. ती फोनला करंट देते, डायल टोन ऐकवते, घंटी वाजवते. फोनला वाटतं, एक्सचेंज अजून जिवंत आहे. थोडक्यात, माझा धंदा फोनला फसवायचा आहे. फोन फसला की गिऱ्हाईक खूश.

फॅक्स मात्र सहजासहजी फसत नाही. अक्कलकुव्याला एक ट्रान्सपोर्टवाला आहे. गुजरातेतल्या त्याच्या जुन्या पार्टीला कागद फॅक्सनंच लागतो. मी डबी बसवली आणि कागद अर्धेच पोचायला लागले. पलीकडून फोन आला, "भाई, ट्रक का सिर आया, पैर नहीं आये." कारण असं की इंटरनेट आवाज दाबून, आवळून पाठवतं. माणसाचा आवाज आवळला तरी समजतो. फॅक्सची शिट्टी आवळली की तिच्यातला कागदच जातो. उपाय दोन. आवळणं बंद करायचं आणि फॅक्सचा वेग कमी करायचा. मी तसं करायला लागलो तर तो माणूस माझ्यावर ओरडला, "मी जलद इंटरनेट घेतलं आणि तू फॅक्स हळू करतोस?" मी म्हटलं, "शेठ, तुझा ट्रक घाटात कितीच्या वेगानं जातो?" त्यानं मशीन माझ्याकडं सरकवलं. कागद पाय घेऊन पोचायला लागले.

सांगायचा मुद्दा, असले बिघाड मला समजतात. यंत्रानं काय मागितलं ते यंत्र सांगतं. अंबालालभाईंच्या घरानं काय मागितलं, तेच मला कोणी सांगितलं नाही.

ते चौघे भाऊ. एका गल्लीत ओळीनं चार घरं. चुली वेगळ्या, शेती एकत्र, केळी एकत्र विकायची. सगळ्यांत मोठे अंबालालभाई, सगळे त्यांना मोठाभाऊ म्हणतात. दुसरे नटवरभाई, जिभेनं तिखट. तिसऱ्यांचं नाव सांगत नाही, कारण माझ्यासमोर ते कधी बोललेच नाहीत. चौथा धाकटा, तो काही वर्षांपूर्वी वारला. त्याच्या घरात त्याची बायको विमलबेन राहतात. मुलगी शिकायला बाहेर असते.

फोनचा नंबर एकच. एक्सचेंजची तार मोठ्या भावाच्या घरात यायची आणि तिथून बाकीच्या तीन घरांत पॅरलल गेलेली. घंटी चारही घरांत एकदम वाजायची. कोणीही उचलला तरी बोलणं चौघांना ऐकू जायचं. जुन्या काळी असं पुष्कळ ठिकाणी होतं. एका लाईनच्या भाड्यात चार फोन. पण आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना हे लोक त्या फोनला का चिकटले, हे मला कळत नव्हतं. विचारलं तर अंबालालभाई म्हणायचे, "नंबर जुना आहे. व्यापाऱ्यांकडं तोच आहे."

केबल तुटली आणि त्यांची लाईन गेली, तेव्हा ते माझ्या दुकानात आले. मला "तू" म्हणतात. वयानं आम्ही जवळपास सारखेच, पण त्यांची जमीन तापीकाठची आणि माझ्या बापाची नव्हतीच कुठली. मी "भाई, तुम्ही" म्हणतो. घासाघीस मात्र मी बरोबरीनं करतो.

"तार तुझी की आमची?" त्यांनी विचारलं.

"तार तुमची."

"मग तू काय देणार? नुसती डबी?"

"डबी आणि डोकं."

"डोकं आमच्याकडं आहे. डबीचंच सांग."

सकाळचं बोलणं दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. ते दोनदा उठून बाहेर गेले, दोनदा मी त्यांना परत बोलावलं. एकदा मीच डबी कपाटात टाकून कुलूप लावलं. शेवटी तार त्यांची, खिळे माझे, आणि वर्षभर बिघडलं तर मी येणार, असं ठरलं. समोरासमोर मी त्या घराला कधी हरलो नाही. फोनवर मात्र हरायचो. पूर्वी त्यांना मी बरेच सेट आणि इंटरकॉम विकले होते. सौदा फोनवर असला की अंबालालभाई आधी मऊ असायचे आणि मधेच एकदम ताठ व्हायचे. का, ते मला कधी उमगलं नाही.

मी चार तोंडांची डबी घेऊन गेलो. तिला चार वेगवेगळे फोन लागतात. प्रत्येक घराला स्वतंत्र तार ओढली. घंटी चारही घरांत वाजणार, जो आधी उचलेल त्याच्याकडं फोन जाणार, बाकीचे बंद. काम बघण्यासारखं झालं होतं. ओट्यावर सगळे जमले तेव्हा मी जरा आवाज चढवूनच सांगितलं, "आता एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाणार नाही. ज्याचं त्याचं खाजगी."

मला वाटलं, शाबासकी मिळेल. नटवरभाईंनी मोठ्या भावाकडं पाहिलं. मोठ्या भावानं आभाळाकडं पाहिलं. विमलबेन त्यांच्या दारात पदर ओढून उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

दुसऱ्याच दिवशी अंबालालभाईंचा मोबाईलवरून फोन.

"सुकलाल, फोन मेला."

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"मला येतं. त्यांना येत नाही."

"फोन कोणाचा होता?"

"बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याचा."

"कोणाशी बोलायचं होतं त्याला?"

"माझ्याशी."

"मग त्यांना कशाला ऐकू यायला पाहिजे?"

"तू येऊन बघ," ते म्हणाले.

गेलो. चारही फोन तपासले, ठणठणीत. डबी बदलली. राऊटर बदलला. परत आलो. परत फोन. असं किती वेळा झालं ते लिहीत नाही. ठरल्याप्रमाणे मला जावंच लागत होतं आणि पेट्रोल माझं जळत होतं. प्रत्येक वेळी मी विचारायचो, बिघाड काय आहे? प्रत्येक वेळी उत्तर एकच, "जुनं होतं तसं कर."

"भाई, जुनं होतं ते अर्धवट होतं! चार जण कान लावून बसायचे, आवाज दबायचा. तो फॉल्ट होता."

"तोच फॉल्ट पाहिजे," नटवरभाई म्हणाले.

मी हातातला पेचकस ओट्यावर आपटला. इतक्या वर्षांत फॉल्ट काढायला बोलावणारे पाहिले, फॉल्ट घालून दे म्हणणारं हे पहिलंच घर. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हले काय करनं शे? सांगतस तसं करी द्या ना." तिचंही बरोबर होतं. पण काम समजल्याशिवाय मला हात घालता येत नाही.

पुढच्या खेपेला मी विमलबेनच्या घरातला फोन तपासत होतो. त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. तिथून म्हणाल्या, "भाऊ, या फोनातून माझं ऐकू जात नाही."

मी रिसीव्हर ठोकून पाहिला. "तुम्ही बोलल्या होत्या का यात?"

"नाही."

"मग ऐकू कसं जाईल?"

"मी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पण ऐकू जायला पाहिजे."

वाटलं, एकटी बाई, घरात माणूस नाही, काहीतरी होतं डोक्यात. असं वाटून घेऊन मी माझं सामान भरलं.

शेवटी वैतागून मी त्यांच्या मनासारखं केलं. चारी तारा पुन्हा एकत्र पिळून डबीच्या एकाच तोंडाला लावल्या. पॅरलल. आणि मला भीती होती तेच झालं. एक्सचेंजच्या करंटमध्ये चार घंट्या वाजवायची ताकद होती. डबीत तेवढी नसते. घंटी आजारी कोंबडीसारखी वाजायला लागली. तीन रिसीव्हर उचलले तर आवाज बरा. चौथा उचलला की सगळ्यांचाच आवाज विहिरीत गेल्यासारखा. हे तपासायला मी विमलबेनच्या घरात उभा असतानाच घंटी वाजली. बऱ्हाणपूरचा व्यापारी.

विमलबेन बाहेर आल्या, मी उभा आहे हे विसरून गेल्यासारख्या. रिसीव्हर उचलला, बोलायची बाजू पदरानं झाकली. जुना सेट, आवाज दबलेला असला तरी शेजारी उभं राहून ऐकू येत होता. व्यापाऱ्यानं भाव सांगितला. विमलबेननी एका बोटानं फोनची, रिसीव्हर ठेवतात ती खुंटी हलकेच दाबली आणि सोडली. टक. ओळीतल्या पहिल्या घराच्या खिडकीतून अंबालालभाईंचा मोठा आवाज आला, "नहीं जमेगा, सेठ."

व्यापारी कुरकुरला आणि चढला. पुन्हा बोट. टक. खिडकीतून, "नहीं, नहीं. माल देखो पहले."

व्यापारी अजून चढला. या वेळी बोट हललं नाही. खिडकीतून आवाज आला, "चलो, गाडी भेजो."

केळीचं सोडा, मला माझेच जुने सौदे आठवले. मी फोनवर भाव बोलायचो, तारेत टक व्हायची, आणि अंबालालभाई ताठ व्हायचे. ती टक मी लाईनचा फॉल्ट समजत आलो. एकदा तर मीच त्यांना म्हणालो होतो, "भाई, तुमच्या तारेत टकटक येते, बदलून देऊ?" ते म्हणाले होते, "राहू दे." घासाघिशीत मला कोणी हरवत नाही असं मी गावभर सांगत होतो, आणि जिचा आवाजही कधी ऐकला नाही अशी बाई मला वर्षानुवर्षं एका बोटानं हरवत होती.

नटवरभाईंना मी गोठ्याकडं गाठलं. म्हटलं, "मला कळलं." ते आधी भडकले, मग बसले. म्हणाले, "धाकट्याची ती रीत. भाव कमी वाटला की खुंटी दाबायचा. त्याला बाजार कळायचा. मोठाभाऊ घरात मोठा, बोलायचं त्यानं. पण नाही कधी म्हणायचं, ते धाकटा सांगायचा. धाकटा गेला. त्यानंतर व्यापाऱ्याचा पहिला फोन आला, आम्ही तिघांनी उचलला. भाव सांगितला आणि टक झाली."

"मग?"

"मग काय. मोठाभाऊ नाही म्हणाला. भाव वाढला. कोणी विचारलं नाही, कोणी केली."

विमलबेनचं माहेर जळगावकडचं, केळीवाल्यांचं. तिकडच्या भावाची खबर त्यांना सकाळीच असायची. मग त्यांनी सरळ सांगायचं ना, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण त्या घरात धाकटी भावजय जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलत नाही. पदर ओढून बाजूला होते, आणि जेठही तोंड फिरवतो. एका गल्लीत राहून, एका शेतातलं खाऊन, त्या दोघांनी एकमेकांशी कधी शब्द बोललेला नव्हता. सगळं बोलणं त्या टकेतून. आणि मी "ज्याचं त्याचं खाजगी" करून ती तार मधोमध कापली होती.

इथपर्यंत मला सगळं समजलं. इथून पुढचं समजत नाही.

त्याच दिवशी सगळे ओट्यावर बसले. मी सांगितलं, "ही डबी चार फोन ओढत नाही. तीन ओढते."

"मग तीनच ठेव," नटवरभाई म्हणाले.

"कोणता काढू?"

तिसरे भाऊ उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. नटवरभाई म्हणाले, "विमलबेनचा काढ. त्या तशाही बोलत नाहीत."

मी अंबालालभाईंकडं पाहिलं. मला खात्री होती, ते नाही म्हणतील. त्यांना माहीत होतं चौथा फोन काय आहे ते. नटवरभाईंनाही माहीत होतं, तासाभरापूर्वी त्यांनीच मला सांगितलं होतं. पण अंबालालभाई आपल्या चपलांकडं पाहत राहिले. मला वाटतं, चौथा फोन ठेवा म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. इतकी वर्षं ज्या "नाही"वर त्यांचं नाव झालं, ते "नाही" त्यांचं नव्हतं, हे ओट्यावर बसून कोण सांगेल? आणि नटवरभाईंना बहुतेक हेच पाहिजे होतं, की यापुढं घरात त्यांच्या सल्ल्यानं चालावं. हे माझे अंदाज. मला कोणी काही सांगितलेलं नाही.

मी म्हणालो, "थांबा. मोठी डबी येते, ती चारही ओढेल. मागवून देतो."

नटवरभाई हसले. "आलास ना लाईनवर? मोठी डबी खपवायची म्हणून ही ओढत नाही."

"नटवरभाई, खरं सांगतोय."

"तू दुकानदार. तुझं खरं आम्हाला माहीत आहे."

माझं दुखणं इथं आहे. आयुष्यभर मी घासाघीस केली. एकाचे दोन सांगितले, दीडवर आलो. सगळे करतात. पण त्या दिवशी ओट्यावर माझ्या तोंडून सरळ, चोख गोष्ट निघाली, आणि ती सौदा म्हणून ऐकली गेली. मी त्या मोठ्या डबीवर नफ्याचा एक पैसा ठेवला नसता. हे त्यांना कसं पटवणार होतो? माझं डोकं फिरलं. "ठेवा मग तीन!" असं ओरडून मी चौथी तार मोकळी केली, गुंडाळली आणि त्यांच्याच ओट्यावर फेकली. तार त्यांची होती. विमलबेन दारात होत्या. त्यांनी ती तार उचलली, झटकली आणि आत नेली.

मी मोटरसायकलला किक मारली. गावाबाहेर येईपर्यंत राग होता. पुढं केळीच्या बागा लागल्या, आणि मग काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही.

त्यानंतर बरेच दिवस त्या घराचा फोन आला नाही. मग एक दिवस एसटीनं विमलबेनच आल्या. सोबत सुट्टीवर आलेली मुलगी. दुकानात मुलगी स्टुलावर बसली, त्या उभ्या राहिल्या.

"मला वेगळा नंबर पाहिजे," त्या म्हणाल्या. "माझ्या वाट्याची केळी मी विकीन."

"बेन, मोबाईल आहे ना तुमच्याकडं?"

"मोबाईल माहेरच्यांसाठी. व्यापारी दारचा, तारेचा नंबर विचारतो. दारचा नंबर म्हणजे मागं घर आहे, असं समजतो."

हे मला माहीत नव्हतं. मी सवयीनं डबीची किंमत सांगितली. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काही नाही. मी आपणहून कमी केली. तरी तशाच. मी आणखी खाली आलो. मग त्या म्हणाल्या, "तार माझ्याकडं आहे." म्हणजे तीही वजा. मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. समोर बसून त्या घराला मी पहिल्यांदा हरलो.

लाईन बसवून दिली. आणि मग बोंब झाली. विमलबेन वेगळ्या झाल्या, केळी वेगळी तोलली, आणि गावात उठलं, सुकलालनं डबी बसवून घर फोडलं. नटवरभाईंनी तर आठवडेबाजारात मला ऐकवलं, "नंबर तू दिलास. नंबर दिला नसता तर ती कुठं गेली असती?" मी म्हटलं, "मी तीन म्हणालो होतो, कोणाचा काढा ते तुम्ही म्हणालात!" बाजारातल्या लोकांना यातलं काय कळणार? ते हसले. शिव्या माझ्या पदरात पडल्या.

या हंगामात एक दिवस दुपारी अंबालालभाई दुकानात आले. एकटे. मी उठलो नाही. त्यांनी मागितलं नाही तरी पाणी दिलं. बराच वेळ ते भिंतीवरचे जुने सेट पाहत बसले.

"तिच्या घरापासून माझ्या घरापर्यंत नुसती तार टाकता येईल का?" त्यांनी विचारलं. "इंटरनेट नको. नंबर नको. नुसती तार."

"कशाला?"

"बऱ्हाणपूरवाला सकाळपासून तीनदा बोलला. त्याला संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचं आहे." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "सुकलाल, मला आता कळत नाही रे. कुठं थांबायचं ते कळत नाही. नटवर म्हणतो दे. दिलं की मागून कळतं, कमी गेलं. मागच्या दोन्ही गाड्या अशाच गेल्या."

घरातला मोठा माणूस असा माझ्यासमोर बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मी मनात तयार करून ठेवलेली सगळी भांडणं तोंडाशी आली आणि कुठंतरी अडकली. मी म्हणालो, "तार कशाला? त्यांचा नंबर आहे. लावा आणि विचारा."

"लावून काय बोलू?"

"भाव सांगा. दुसरं काय?"

"आम्ही बोलत नाही."

"ते मला माहीत आहे!" मी ओरडलोच. "मग टकटकीसाठी मी गल्लीभर तार ओढू? पुन्हा घर फोडल्याचं माझ्या नावावर?" आणि रागाच्या भरातच मी दुकानातल्या फोनवरून विमलबेनचा नंबर लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला.

घंटी गेली. पलीकडं उचलला. "हॅलो, कोण?"

अंबालालभाईंनी ऐकलं, म्हणाले, "राँग नंबर," आणि ठेवून दिला.

"काय झालं?"

"कोणी बाई बोलत होती."

मी कपाळावर हात मारला. "भाई, बाईलाच लावला होता!"

ते माझ्याकडं पाहत राहिले. मग फोनकडं. "तो तिचा आवाज होता?"

विमलबेननी त्यांचा आवाज इतकी वर्षं रोज ऐकला होता. अंबालालभाईंनी विमलबेनचा कधीच नाही. मी पुन्हा नंबर फिरवला. रिसीव्हर देताना म्हणालो, "आता बाईच बोलेल. ठेवायचं नाही."

घंटी गेली. पलीकडं उचलला. अंबालालभाईंनी तोंड उघडायच्या आत तिकडून आवाज आला, मला काउंटरच्या या बाजूला ऐकू आला इतका स्पष्ट.

"राँग नंबर नाही, मोठे भाऊ. बोला."

अंबालालभाई उभे राहिले. विमलबेन समोर असत्या तर फिरवलं असतं तसं त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. घसा साफ केला. "बऱ्हाणपूरवाला बोलत होता," ते म्हणाले आणि भाव सांगितला. मग खालच्या आवाजात, "तुमचं काय म्हणणं?"

पलीकडं काही नाही. मला वाटलं, लाईन गेली. डबीचे दिवे पाहिले, सगळे जागेवर होते. मग विमलबेन म्हणाल्या, "माझ्या मालाचं विचारता, की तुमच्या?"

ते भिंतीकडं तोंड करून उभेच होते. कॅलेंडरचं पान त्यांनी एका बोटानं सरळ केलं, पुन्हा सोडलं.

"आपल्या," ते म्हणाले.

"मग नाही म्हणा."

"बरं."

पुढं काय करायचं ते त्यांना कळेना. आधी कधी असा प्रसंगच आला नव्हता. रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडं वळले आणि हळूच विचारलं, "ठेवू का?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा."

त्यांनी हात काढला. "ठेवू का?"

"थांबा," विमलबेन म्हणाल्या.

मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. पुढं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.